मन भटकले तरी ध्यान होते

‘ध्यानाला बसलो की नको ते विचार जास्तच येतात,’ अशी तक्रार बाह्यरुग्ण विभागात वरचेवर ऐकू येते. उसाचे बिल थकलेले, कांद्याचा भाव पडलेला, मुलीचे लग्न तोंडावर आलेले. मन शांत राहणार कसे? मग दोन-चार दिवसांत माणूस ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून सोडून देतो. गैरसमज इथेच आहे. ध्यान म्हणजे विचार बंद करणे नव्हे. मन भटकल्याचे लक्षात येणे आणि त्याला परत आणणे, हाच त्यातला व्यायाम.

अहिल्यानगर जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचा विस्ताराने विचार आहे. मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड, ही अर्जुनाची अडचण याच अध्यायातली. त्यावर सांगितलेल्या उपायांत पहिला आहे अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा करणे.

तणावात शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीत जाते. अॅड्रेनालिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, झोप उडते. श्वास मात्र आपोआप चालतो आणि ठरवले तर आपल्या ताब्यातही येतो. सावकाश उच्छ्वास सोडताना व्हेगस ही चेतातंतूंची नस हृदयाची गती कमी करते. प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. शांत बसल्यावर ही गती आणखी उतरते.

पद्धत सोपी आहे. सकाळी चहाआधी किंवा रात्री झोपण्यापूर्वी ५ मिनिटे काढावीत. मोबाईल दूर ठेवावा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून, पाठ ताठ पण सैल ठेवून बसावे. डोळे मिटून नाकपुड्यांशी श्वासाचा स्पर्श जाणवू द्यावा. प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक, असे १० पर्यंत मोजावे आणि पुन्हा १ पासून सुरू करावे. मध्येच मन बाजार समितीत पोहोचले, तर स्वतःवर न चिडता पुन्हा १ वर यावे. पाच मिनिटांत वीस वेळा परत यावे लागले, तरी बैठक वाया गेली असे समजू नये. श्वास रोखू नये. दोन आठवड्यांनी वेळ १० मिनिटांवर न्यावी.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. सरावाने चिंता कमी होते, झोप सुधारते. रक्तदाबावरचा परिणाम थोडाच असतो. ‘आता ध्यान करतो’ म्हणून रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. छातीत दुखत असेल तर ध्यानाला न बसता थेट रुग्णालय गाठावे. डोळे मिटल्यावर घाबरे होत असेल किंवा जुन्या वाईट आठवणी उसळत असतील, तर सराव थांबवून डॉक्टरांशी बोलावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच मन न रमणे, जगणे नकोसे होणे, यांवर केवळ ध्यान पुरेसे नाही. अशा वेळी शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते. घरातले कोणी असे गप्प झाले असेल, तर हा फोन घरच्यांनीही लावावा.