शून्याला चार

“शून्याला चार का?”

मुलाखतीत मला एवढंच विचारलं. पनवेलच्या एका लॉजच्या हॉलमध्ये आम्ही अकरा पोरं बसलो होतो, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. मी सांगली जिल्ह्यातून रात्रीच्या एस.टी.ने आलेलो. आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, दोन वर्षांचा ट्रेड, पाठांतर पक्कं. ट्रान्समीटरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअर. दाब नसेल तर ४, पुरा असेल तर २०. पण शून्याला चार का, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

“स्टँडर्ड आहे, सर.”

टेबलापलीकडचे गृहस्थ हसले नाहीत. चष्म्याला दोरी, सुती शर्ट, खिशात टेस्टर. “वायर तुटली तर किती दाखवेल?”

“शून्य.”

“आणि वायर धड आहे, पण लाइनीत दाबच नाही, तर?”

“चार.”

“मग?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काही नसणं वेगळं आणि काही न बोलणं वेगळं. दोन्हींना शून्यच दाखवलं असतं, तर कुठलं काय हे कळायची सोय नव्हती. मी तसंच काहीतरी अडखळत बोललो. “उद्यापासून या,” ते म्हणाले. “बूट स्वतःचे आणा.”

हे अण्णा. त्यांच्या हाताखाली मी तळोजा, पाताळगंगा, खोपोली या पट्ट्यात गॅस मोजायला शिकलो. गावात अजूनही समजतात की मी सिलिंडर भरतो. आई तर पाहुण्यांना तसंच सांगते, आणि मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

सिलिंडरवाल्यांचं बरं असतं. त्यांचा माल वजनावर जातो, काट्यावर ठेवला की विषय संपला. पाइपातला गॅस म्हणजे ताणलं की लांब आणि सोडलं की आखूड होणारं कापड, आणि ते विकायचं मीटरवर. ४ बारच्या लाइनीत, तिशीतल्या तापमानाला मीटरमधून गेलेला एक घनमीटर गॅस १५ अंशांना आणि साध्या हवेच्या दाबाला आणला, की ४.७ घनमीटर भरतो. हे उलटंपालटं गणित मीटरच्या डोक्यावर बसवलेला करेक्टर नावाचा डबा करतो. बिल निघतं ते या डब्याच्या आकड्यावर. मीटरचा स्वतःचा काउंटर काय म्हणतो, हे बघायला सहसा कुणी वाकत नाही. अण्णा वाकायचे.

पहिले तीन आठवडे मला मीटरला हात लावू दिला नाही. माझ्या हातात साबणाच्या पाण्याची बाटली आणि रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश. प्रत्येक फ्लँजला, प्रत्येक नटाला, गेजच्या प्रत्येक जोडाला फेस लावायचा आणि बघत बसायचं. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळतीचा फेस मिनिटभर नुसता पांढरा बसून राहतो आणि मग एका कडेला मोहरीएवढे चार फुगे येतात. मी मिनिटभर थांबत नव्हतो. अण्णा मागून यायचे, तोच नट पुन्हा माखायचे आणि उभे राहायचे. एक शब्द न बोलता.

चौथ्या आठवड्यात मी माझा पराक्रम केला. एका कारखान्यात नवा टर्बाइन मीटर बसवला होता. टर्बाइनच्या पोटात बारीक पात्यांचं चक्र असतं, गॅसच्या वाऱ्यावर फिरतं, फेऱ्या मोजून माल कळतो. लाइन भरताना व्हॉल्व्ह केसाकेसाने उघडायचा, आधी दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ द्यायचा, हे मला पाठ होतं. पण बॉल व्हॉल्व्हचा दांडा नवा होता, घट्ट होता. मी जोर लावला आणि तो एकदम सरकला. आतून शिट्टी आली. कुकरची नव्हे, ट्रॅफिक हवालदाराची. दीड सेकंद, जास्तीत जास्त दोन. माझ्या हातावर अण्णांचा हात येऊन पडला होता.

मीटर नंतर व्यवस्थित चालू लागला. आकडे पळत होते. मी म्हटलं, “ठीक दिसतंय, अण्णा.”

“दिसतंय.”

त्यांनी परमिट पुन्हा काढून घेतलं, लाइन रिकामी केली, मीटर उतरवला आणि चक्राला बोटाने एक टिचकी देऊन स्टॉपवॉच लावलं. याला स्पिन टेस्ट म्हणतात. चांगलं बेअरिंग चक्राला बराच वेळ फिरू देतं आणि थांबवतं तेही लोण्यासारखं. आमचं चक्र लवकर थांबलं, आणि थांबताना किंचित अडखळलं. असा मीटर मंद वाऱ्याला कमी फिरतो, म्हणजे कमी मोजतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. मीटर पेटीत घालून पुन्हा कॅलिब्रेशनला पाठवावा लागला. असे मीटर तपासायची मोठी सरकारी सोय केरळात पालक्काडला, फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आमचा तिकडे गेला की आणखी कुठे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. लॉगबुकात अण्णांनी मलाच लिहायला लावलं. “व्हॉल्व्ह वेगाने उघडला गेला” असं मी लिहिलं. त्यांनी “गेला” खोडून माझं नाव घातलं.

तरी या धंद्यातले आवाज करणारे बिघाड मला नंतर प्रेमळ वाटायला लागले. आरपीडी मीटरचंच घ्या. त्यात इंग्रजी आठच्या आकाराचे दोन लोटे एकमेकांना न घासता फिरतात आणि ठरावीक माप पुढे टाकत जातात. त्यांच्यात कचरा अडकला की ते थांबतात आणि गॅसही थांबतो. रात्री दोन वाजता बेकरीवाल्याचा फोन येतो, पाव कच्चे राहिलेत, तुमच्या नावाने शिव्या. त्रास खरा, पण कळतं तरी. टर्बाइन अडकला तर गॅस पात्यांच्या फटींतून खुशाल पुढे जातो. भट्टी पेटलेली, आकडा थांबलेला. असल्या वेळी फोन कोण करणार?

सगळ्यात शांत बिघाड मी पाहिला तो एका फोर्जिंगच्या कारखान्यात. पावसाळा नुकताच सरला होता, करेक्टरची वर्षाची तपासणी होती. प्रेशर ट्रान्समीटर लाइनीतून वेगळा केला, व्हेंट उघडून हवेत सोडला, डिस्प्लेवर ०.००. मला इतका आनंद झाला की मी तक्त्यात बरोबरची खूणही करून टाकली.

अण्णांनी तक्ता पाहिला. “उघड्यावर किती यायला हवं?”

“शून्य, अण्णा.”

“तुझ्या डोक्यावर हवा नाही का?”

हवा होती. हवेचाही दाब असतो, १.०१ बार. करेक्टरला हिशेबासाठी लागतो तो हवेसकटचा, निखळ दाब. उघड्यावर ठेवला तर त्याने १.०१ दाखवायला हवं. आठ महिन्यांपूर्वी जुना ट्रान्समीटर बिघडला होता आणि बदली म्हणून कुणीतरी साधा, गेजवाला बसवला होता. तो हवा धरतच नाही. लाइनीत ४ बार असताना करेक्टर ५.०१ ऐवजी ४ धरून गुणाकार करत होता. आठ महिने पाच वाटे माल जात होता आणि बिल चार वाट्यांचं निघत होतं. आणि माझ्यासमोर ते शून्य इतकं देखणं, दोन दशांशांपर्यंत स्वच्छ उभं होतं!

मग मीटिंगा. करारांत अशा वेळेची तरतूद सहसा असते. चूक कधीपासूनची हे सिद्ध झालं तर त्या तारखेपासून हिशेब, नाही झालं तर मागच्या कॅलिब्रेशनपासूनच्या काळाचा अर्धा. इथे ट्रान्समीटर बदलल्याची चिठ्ठी सापडली, त्यामुळे वाद तारखेचा नव्हता, मनाचा होता. कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, “मीटर जास्त दाखवत असता तर इतकी धावपळ केली असती का तुम्ही?” प्रश्न खोटा नव्हता. आमच्या बाजूचे साहेब फायलीत बघायला लागले. अण्णा म्हणाले, “केली असती. पण तुम्ही आमच्या आधी केली असती.” मॅनेजरना हसू आलं. सही मात्र पुढच्या पंधरवड्यात झाली.

बाकीच्या शत्रूंबद्दल थोडक्यात सांगतो. ऊन हा एक. तापमान मोजणारी आरटीडी पाइपात खोचलेल्या नळीत बसते, त्या नळीत तेल भरायचं असतं. तेल सुकलं की आरटीडी गॅसचं सोडून पत्र्याचं तापमान सांगू लागते. दहा अंशांची चूक म्हणजे मापात तीन टक्क्यांहून जास्त. दुसरी शत्रू कुंभारीण माशी. रेग्युलेटरच्या टोपणाला हवा आतबाहेर जायला एक बारीक भोक असतं, आणि तिला मातीचं घर बांधायला रायगड जिल्ह्यात त्याहून चांगली जागा मिळत नाही. दोन दिवस आम्ही स्प्रिंग बदला, डायफ्रॅम बदला करत होतो, दाब दुपारी एक, रात्री दुसरा. शेवटी काडीने भोकातली माती टोकरली, आत एक हिरवी अळी. मला तिची दया आली, अण्णांना नाही.

आणि वास. मोठ्या लाइनीतून येणाऱ्या गॅसला मुळात वास नसतो. उरणला समुद्रातून वर येणारा असो की दहेजला जहाजातून उतरलेला, गळला तर नाकाला कळणार नाही, डिटेक्टरलाच कळेल. शहरात शिरण्याआधी सिटी गेट स्टेशनवर त्यात मरकॅप्टन मिसळतात, तो सडक्या कोबीसारखा वास देतो. तोसुद्धा थेंबाथेंबाने पुरतो. एकदा तिथल्या टोळीला हात द्यायला गेलो आणि हातमोजा काढताना बाही लागली. मला स्वतःला वास येईनासा झाला होता, नाक मरतं. पनवेलहून लोकल पकडली. गाडी सुटायच्या आत एक बाई उठून उभ्या राहिल्या. मग दोघं. “गॅस लीक आहे!” कुणीतरी साखळीकडे हात नेला. मी ओळखपत्र दाखवून समजवायला गेलो, तर ओळखपत्रावरचा ‘गॅस’ वाचून लोक जास्तच घाबरले. खांदेश्वरला उतरलो आणि कामोठ्यातल्या खोलीपर्यंत चालत गेलो. रूममेटने शर्ट गच्चीवर टांगला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी फायर ब्रिगेडला बोलावलं होतं, हे मला ऑफिसात फोनवर कळलं.

आपला गॅसचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सहाला संपतो. त्यामुळे रीडिंगही सहाचं. आता बहुतेक ठिकाणचे आकडे मोडेमवरून आपोआप कंट्रोल रूमला जातात, पण पंधरवड्याच्या जॉइंट तिकिटाला दोन्ही बाजूंची माणसं मीटरपुढे उभी राहतात, सीलचे नंबर ताडतात आणि सह्या करतात. विकणारा आणि घेणारा एकाच काट्याकडे बघत उभे, दोघांच्या हातात चहाचे कागदी कप.

तळोज्याच्या एका अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात घेणाऱ्याच्या बाजूने भट्टीवरचे काका यायचे. बॉयलर सूट, गळ्यात पंचा. त्यांची स्वतःची एक डायरी होती, औषध कंपनीने फुकट वाटलेली. त्यात रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, निळ्या शाईत, मीटरच्या काउंटरचा आकडा. करेक्टरचा नाही. “तो डबा तुमचा,” म्हणायचे, “हा काटा मला दिसतो.” आमचे लोक हसायचे. अण्णा मात्र तिकिटावर सही करायच्या आधी ती डायरी मागून घ्यायचे.

एका सोमवारी आम्ही नेहमीप्रमाणे पोहोचलो. कंट्रोल रूमच्या पत्रकात रविवारचा खप शून्य होता, आणि शेऱ्यात कुणीतरी “सुट्टी” असं लिहून टाकलं होतं. साप्ताहिक सुट्टी म्हणजे शून्य, यात कुणाला काय खटकणार? मी तिकीट भरायला घेतलं.

काकांनी डायरी उघडून पुढे केली. “काल आम्ही जादा पाळी लावली होती. भट्टी रात्रभर चालू, आणि तुमचा आकडा झोपलेला.”

अण्णांनी खाली वाकून काउंटर पाहिला. शेवटची चाकी हलत नव्हती, आणि पलीकडे भट्टीचा घुमारा स्पष्ट ऐकू येत होता.

बायपास लावला, मीटर उतरवला. पात्यांच्या मधे, आतल्या भिंतीला टेकून, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा तुकडा बसला होता. वेल्डिंगची मळी. फिल्टर आणि मीटरच्या मधल्या पाइपावर मागच्या महिन्यात काम झालं होतं, साफसफाई घाईत उरकली होती. म्हणजे आमचीच चूक आणि आमचंच नुकसान, जे काकांनी पदरचं काही न घालता वाचवलं.

मला राहवलं नाही. “काका, सांगितलं नसतं तरी चाललं असतं की तुम्हाला.”

“चाललं असतं कसं?” ते जवळजवळ वैतागले. “साहेबांना मला टनामागे किती गॅस लागला ते द्यावं लागतं. रविवारी बारा टन वितळवलं आणि गॅस शून्य लिहू? उद्या रोज तेवढ्यातच वितळवा म्हणतील.”

अण्णा हसले, त्यांना हसताना मी तेव्हा दुसऱ्यांदा पाहिलं असेन. चिमट्यात धरलेला तो दाणा ते कचऱ्याच्या डब्याकडे नेत होते, तोच काकांनी हात पुढे केला. तळहातावर घेऊन उलटासुलटा करून पाहिला, पंच्याला पुसला आणि खिशातून सेलोटेपचा तुकडा काढून रविवारच्या रकान्यात, आकड्याच्या जागी, चिकटवून टाकला.