कुठली गोळी, कधी आणि कशाबरोबर

गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या मुंबईतल्या बायकांना गरोदरपणात एक विचित्र रक्तक्षय होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, आणि ज्या होत्या त्या नको इतक्या मोठ्या. पुष्कळ जणींचा त्यात जीव जात होता. याचं कारण शोधायला 1928 साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागली. कोणत्या घरात काय शिजतं, याची तिने चौकशी केली. ताट जितकं गरीब, तितका आजार जास्त, असं दिसलं. मग उंदरांवर प्रयोग झाले, माकडांवर झाले. शेवटी गुण आला तो यीस्टच्या अर्काने. ब्रिटनमध्ये मार्माइट या नावाने तो पावाला लावून खातात. काळा, चिकट, खारट आणि मुख्य म्हणजे स्वस्त! 1931 साली तिचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्लाच्या कुटुंबातलं जीवनसत्त्व. 1941 मध्ये ते अमेरिकेत पालकातून वेगळं करण्यात आलं. 1945 मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं, आणि त्या संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या माणसाकडे होती. परळमध्ये सुरू झालेली गोष्ट आज दर गरोदर बाईच्या उशाशी गोळी होऊन येते. ती कधी घ्यायची, हे मात्र अजून नीट पोचलेलं नाही.

गर्भाच्या पाठीकडे पेशींचा एक चपटा पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा वर वळतात, एकमेकींना भिडतात आणि नळी तयार होते. मेंदू आणि मज्जारज्जू याच नळीतून घडतात. कुठे फट राहिली, तर बाळ पाठीचा कणा उघडा घेऊन जन्मतं (याला स्पायना बायफिडा म्हणतात), किंवा कवटी आणि मेंदूच नीट होत नाहीत. असं बाळ आधी झालेल्या बायकांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत चाचणी घेतली. रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेणाऱ्यांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली गेली आणि 1991 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले.

अडचण अशी की ही नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी चुकली, दोन-चार दिवस वाट पाहिली, घरी चाचणी केली, सासूबाईंना सांगितलं, डॉक्टरांची वेळ घेतली, तोवर नळीचं काम आटोपत आलेलं असतं किंवा आटोपलेलंच असतं. म्हणून फॉलिक आम्लाची गोळी मूल हवं असं ठरवल्यावर, दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची आणि बारा आठवडे पुरे होईपर्यंत घ्यायची. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्याची यादी करणाऱ्या आपल्या घरांत ही एक गोळी कुणाच्याच यादीत नसते.

आता किती, ते पाहू. बहुतेक बायकांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं. आपल्याकडे मात्र 5 मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. तेव्हा ही गोळी साडेबारापट झाली. आधीच्या बाळाला नळीचा दोष असेल, आई अपस्माराची काही औषधं घेत असेल किंवा अशीच दुसरी जोखीम असेल, तर डॉक्टर मुद्दाम मोठा डोस देतात. ज्यांना तशी गरज नाही त्यांनी ‘जास्त म्हणजे चांगलंच’ म्हणून ती गोळी घेऊ नये.

याचं कारण पुण्याजवळच्या खेड्यांत सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून तिथल्या आया आणि त्यांची मुलं यांच्या मागावर आहेत. या आयांमध्ये फॉलेटची, म्हणजे फॉलिक आम्लाच्या कुटुंबातल्या त्या जीवनसत्त्वाची, कमतरता जवळजवळ नव्हतीच. निम्म्याहून अधिक जणींमध्ये कमी होतं ते बी-12. ते मिळतं दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून, भाजी-भाकरीतून नाही. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा जिच्या रक्तात फॉलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, अशा आईच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याचा कल सर्वांत अधिक दिसला. पुढच्या मधुमेहाची ही पहिली पायरी. फॉलिक आम्लानेच तसं झालं, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, आणि ही गोळी सोडून देण्याचं तर हे कारण अजिबात नाही. पण फॉलिक आम्लाच्या मोठ्या डोसाने बी-12 च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान गुपचूप चालू राहतं, हे डॉक्टरांना कितीतरी आधीपासून माहीत आहे. घरात शाकाहार असेल, तर पहिल्याच भेटीत ‘माझं बी-12 बघायचं का?’ असं विचारावं. माझ्या मते हा प्रश्न डॉक्टरांनी आपणहून काढायला हवा.

चौथ्या महिन्यापासून लोहाची पाळी येते. सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळणारी ती लाल, साखरेचं आवरण असलेली गोळी म्हणजे 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. 180 दिवस गोळ्या घेतलेल्या आया जेमतेम 26 टक्के. गोळी हातात पडते, पण पोटात जात नाही. मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट साफ होत नाही, आणि शिवाय ‘गोळ्यांनी बाळ काळं होतं’ ही ऐकीव भीती. शौचाचा काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा काडीचाही संबंध नाही. मळमळ होत असेल, तर रात्री जेवणानंतर घेऊन पाहावी. तरीही सोसत नसेल, तर बंद करण्याआधी सांगावं, गोळीतला लोहाचा क्षार बदलून देता येतो.

ती चहाबरोबर मात्र घेऊ नये. चहातली द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात. आधी-नंतर तासाभराचं अंतर हवं. लिंबूपाणी किंवा आवळा चालेल, उलट शोषण वाढेल. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घेतली, तर लोहाचं शोषण घटतं, म्हणून त्यांत निदान दोन तास ठेवायचे. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती सकाळी अनशापोटी आणि लोह-कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. सगळ्या गोळ्या एकदम गिळून मोकळं होण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

आता घरातल्या स्ट्रिपा उलट्या करून बघा. मागच्या बारीक अक्षरांत क्षाराचं नाव आणि पुढे ‘एलिमेंटल आयर्न’ असं लिहिलेलं असतं. त्यापुढचा आकडा खरा, क्षाराचं वजन नाही. आशाताईंची लाल गोळी, खासगी डॉक्टरांची लोहाची गोळी, मल्टिव्हिटॅमिनची कॅप्सूल आणि नणंदेने पाठवलेली प्रोटीन पावडर असं सगळं एकत्र चालू असेल, तर तेच घटक दोन-तीन वाटांनी पोटात जातात. पुढच्या तपासणीला सगळं पिशवीत घालून न्यावं. यात खास पाहायचं ते अ जीवनसत्त्व. त्याचं रेटिनॉल हे रूप गोळ्यांतून रोज 10,000 युनिटांपेक्षा जास्त गेल्यास बाळात जन्मदोषांचा धोका वाढतो, असं 1995 मध्ये 22 हजारांहून अधिक गरोदर बायकांच्या अभ्यासात आढळलं. कॉडलिव्हर तेल आणि कलेजी यांबाबत म्हणूनच जपून. गाजर, भोपळ्यातलं कॅरोटिन या हिशेबात येत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, तर दिवस जाण्याआधीच ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवायला हवं.

आणि घरात पहिलं मूल असेल, तर त्याच्यापासून या गोळ्या लपवाव्यात. लाल, गुळगुळीत, वरून गोड. त्याला ते चॉकलेटच वाटणार. शरीराच्या दर किलोमागे 60 मिलिग्रॅम लोह पोटात गेलं, तर विषबाधा जिवावर बेतू शकते. दहा किलोच्या मुलाला त्यासाठी दहा गोळ्यांची एक स्ट्रिप पुरते. त्रास तर तीन-चार गोळ्यांनीही सुरू होतो. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं दिसतं आणि त्यानंतर एकदम खालावतं. त्यामुळे मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नये. उरलेली स्ट्रिप हातात घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयात जावं. किती गोळ्या कमी आहेत, हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळतं.