वेठ आणि श्रमदान : श्रीलंकेतील सर्वोदय चळवळीची ओळख

‘श्रमदान’ हा शब्द उच्चारला की आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती अकारण नाही. महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या गावाची रखवाली करायची, सरकारी टपाल वाहायचे, मेलेली जनावरे ओढायची आणि मोबदल्यात बलुत्याच्या चार पेंढ्यांकडे डोळे लावून बसायचे, हे ज्यांनी पाहिले त्यांना फुकट श्रमाचे कौतुक सांगणे धारिष्ट्याचेच. पूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले, तेव्हापासून ही बेडी तुटण्यास तीन दशके लागली. कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा आहे.

योगायोग असा, की त्याच १९५८ साली शेजारच्या बौद्ध देशात, सिलोनमध्ये, एका शिक्षकाने श्रमदान या शब्दाला अगदी उलटा अर्थ दिला. कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयात शिकवणारे ए. टी. अरियरत्ने त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. डिसेंबर महिन्यात ते आपले विद्यार्थी व काही सहकारी यांना घेऊन कनतोलुव नावाच्या खेड्यात गेले. हे खेडे रोडिया जातीचे होते. रोडिया म्हणजे सिंहली समाजातील बहिष्कृत. भीक मागणे हाच त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय मानलेला. इतरांच्या विहिरीचे पाणी त्यांना वर्ज्य होते, ही नोंद सतराव्या शतकात कँडीच्या राज्यात कैदेत राहिलेल्या रॉबर्ट नॉक्स या इंग्रजाने करून ठेवली आहे. बुद्धाच्या धम्माचा अभिमान मिरवणाऱ्या देशातही जात टिकली होती, हे येथे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. पाण्याचा हा प्रश्न महाडच्या वाचकांना नवा नाही.

शहरातल्या सुस्थित घरांतील ती मुले रोडियांच्या वस्तीत राहिली, त्यांच्यासोबत जेवली आणि त्यांच्या बरोबरीने मातीत राबली. आमच्या मते सारे मर्म या दिशाबदलात आहे. वेठीत श्रम खालून वर वाहतात आणि नाकारण्याची मुभा नसते. येथे श्रम वरून खाली आले, स्वेच्छेने आले, आणि देणारा व घेणारा एकाच चरात कुदळ मारीत होते.

या एका शिबिरातून पुढे ‘लंका जातिक सर्वोदय श्रमदान संगमय’ ही संस्था वाढली. हजारो खेडी तिच्याशी जोडली गेली. मोरटुवा येथील तिच्या मुख्यालयाचे नाव ‘दमसक मंदिर’. दमसक म्हणजे धम्मचक्र. ‘सर्वोदय’ हा शब्द गांधीजींचा, आणि अरियरत्ने विनोबांच्या भूदानकार्याने प्रभावित झाले होते. गांधीविचाराविषयी आपल्या समाजाचे जे मतभेद आहेत ते आम्ही विसरत नाही. परंतु अरियरत्ने यांनी ‘उदय’ या पदाचा अर्थच बदलला. सर्वांचे भले, एवढ्यावर न थांबता त्यांनी ‘सर्वांची जागृती’ असा अर्थ केला. आणि जागृती म्हणजे बोधी, हे आपणांस सांगावयास नको.

शिबिराची रीत समजून घेण्याजोगी आहे. काम कोणते हे बाहेरचा कोणी ठरवीत नाही. रस्ता हवा की विहीर, की गाळाने भरलेला तलाव उपसायचा, हे गावकरी एकत्र बसून ठरवतात. शिबिर चालू असताना दररोज ‘कुटुंबमेळा’ भरतो. त्यात प्रथम थोडा वेळ मैत्रीभावना, मग गाणी, मग चर्चा. आणि तेथे लहान मूल, म्हातारी, भिक्खू, सरकारी अधिकारी या सर्वांना बोलण्याचा सारखा अधिकार. एकमेकांना हाक मारायची ती नात्याने : अक्का, अय्या, नंगी, मल्ली. (अक्का आपल्याकडेही थोरली बहीणच.) ज्यांची नावे तुच्छतेने घेतली जात त्यांना ‘अय्या’ म्हणजे दादा म्हणणे, ही त्या समाजात लहान गोष्ट नव्हती.

यामागे सिगालोवाद सुत्तातील चार संग्रहवस्तू आहेत : दान, प्रिय वचन, अर्थचर्या म्हणजे हितकारक कृती, आणि समानत्तता म्हणजे समभाव. चार आर्यसत्येही ही चळवळ गावाच्या भाषेत शिकवते. गावाची अवनती हे दुःख. स्वार्थ, द्वेष आणि स्पर्धा ही त्याची कारणे. ती दूर होऊ शकतात ही आशा. आणि अष्टांगिक मार्ग हा उपाय. दुःखाचे कारण मागील जन्मात न शोधता गावाच्या व्यवहारात शोधणारी ही मांडणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचणाऱ्यांना परकी वाटणार नाही.

शिबिर संपले की माता, तरुण, शेतकरी, मुले यांचे गट बनतात. पुढे गाव स्वतःची नोंदणीकृत संस्था स्थापन करते, बचत व कर्जाचा व्यवहार हाती घेते. दहा मूलभूत गरजांची यादी चळवळीने केली. तिच्या आरंभी स्वच्छ व सुंदर परिसर आणि शुद्ध पाणी आहे, शेवटी सांस्कृतिक व आध्यात्मिक गरजा.

या वाटेवर ठेचाही लागल्या. १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारात कार्यकर्त्यांनी तमिळ कुटुंबांना आश्रय दिला. पण कतरगाम ते नागदीप अशी आखलेली शांतियात्रा राष्ट्राध्यक्षांच्या सांगण्यावरून थांबवावी लागली. पुढे परदेशी देणगीदार आकड्यांत हिशेब मागू लागले आणि गावकऱ्यांच्या मनातील बदल तक्त्यात बसेना. पैसा परक्याचा असला की स्वावलंबनाची भाषा किती टिकते, हा प्रश्न संस्था चालवणाऱ्या आम्हांलाही चुकलेला नाही.

अरियरत्ने १६ एप्रिल २०२४ रोजी निवर्तले. त्यांच्याविषयी वाचताना आमच्याच वेळापत्रकातील एक ओळ आम्हांस खटकली. रविवारी सकाळी मुले आवार झाडतात, त्यास आम्ही वर्षानुवर्षे ‘श्रमदान’ लिहीत आलो. ते काम कोणालाही नाकारता येत नाही आणि अधीक्षक त्यात झाडू धरीत नाहीत. येत्या सत्रापासून वेळापत्रकात तेथे ‘सफाईची पाळी’ असे लिहिले जाईल, आणि त्या पाळीत शिक्षकांची व अधीक्षकांची नावेही असतील.