सासारीचा निळा रंग

छातीत पाणी झालेल्या रुग्णाच्या रिपोर्टवरचा ‘एडीए’ आपल्याकडे घरोघरी माहीत झाला आहे. त्या आकड्याच्या जन्मकथेचं मला कित्येक वर्षं वेड आहे. ती कथा इटलीच्या सार्डिनिया बेटावर, सासारी शहरात घडली.

अडचण जुनीच. फुफ्फुसाच्या आवरणाला क्षय होतो तेव्हा पाण्यात जंतू फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते शंभरात दहा रुग्णांतही सापडत नाहीत. कल्चरला आठवडे लागतात आणि तेही अनेकदा कोरं येतं. आवरणाचा तुकडा काढायला सरावलेला हात लागतो.

सासारीच्या पिरास आणि गाकिस यांनी १९७३ साली क्षयाच्या मेंदुज्वरात पाठीतून काढलेल्या पाण्यात अडेनोसिन डिअमिनेज (म्हणजेच एडीए) हे विकर वाढलेलं दाखवलं होतं. डिसेंबर १९७८मध्ये, आणखी दोन सहकाऱ्यांसह, छातीतल्या पाण्यावरचा त्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. जेमतेम दोन पानांचा! जंतू हाती लागत नाही, तर त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशींचा माग काढू, हा त्यांचा विचार मला विलक्षण वाटतो. १९७२मध्ये सिएटलच्या एलॉइज गिब्लेट यांना हेच विकर प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांत मुळीच आढळलं नव्हतं. लिम्फोसाइट पेशींचं त्यावाचून चालत नाही, हे तिथेच कळलं.

मोजण्याची जुस्ती यांची पद्धत तर फारच सोपी. छातीतल्या पाण्यात अडेनोसिन घालून ते ३७ अंशांवर ठेवायचं. विकर त्यातून अमोनिया सोडवतं आणि फिनॉल व हायपोक्लोराइट मिळताच निळा रंग चढतो. तो मोजायला साधा कलरीमीटर पुरतो. म्हणूनच ही तपासणी महागड्या यंत्रांवाचून लहान लॅबपर्यंत पोचली. इंटरफेरॉन गॅमाची चाचणी तोडीस तोड असूनही खर्चामुळे मागे राहिली.

लिटरला ४० युनिट ही रूढ सीमा, पण तिच्यावरून वाद मिटलेला नाही. छातीत पू झाला, लिम्फोमा असला किंवा संधिवाताचं पाणी असलं तरी आकडा चढतो. या विकराचे दोन प्रकार आहेत. क्षयात मुख्यतः मोनोसाइट-मॅक्रोफेज पेशींचा दुसरा प्रकार वाढतो, तर नेहमीची चाचणी दोघांची बेरीज सांगते. क्षय विरळ असलेल्या देशांत कमी आकडा क्षय नाकारायला कामी येतो. आपल्याकडे रुग्ण तरुण, पाण्यात लिम्फोसाइट जास्त आणि आकडा चढा असला, की उपचार सुरू करायला बहुधा तेवढं पुरतं.

माझा आक्षेप इथेच आहे. औषधं लागू पडतील का, हे एडीए सांगत नाही; ते कळायला जंतूच हाती लागावा लागतो. तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून २०१२ साली नोंदले गेल्यावर तरी एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. पाणी काढलंच आहे तर त्यातलं थोडं कल्चरला जायलाच हवं, आणि शक्य तिथे आवरणाचा तुकडाही, कारण जंतू पाण्यापेक्षा तुकड्यात अधिक वेळा उगवतात.