रिकाम्या जागेखालचं हाड

नवी मुंबईत दातांच्या कॉलेजांची वानवा नाही. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एम. जी. एम. दात गेलेला माणूस कुठल्याही खुर्चीत बसला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: "सगळ्यात चांगलं काय, कवळी, ब्रिज की इम्प्लांट?"

त्याचं उत्तर दरपत्रकात मिळत नाही, जबड्याच्या हाडात मिळतं. दाताला धरून ठेवणारं हाड चावण्याच्या ताणावर जगतं. दात काढला की ते झिजू लागतं आणि वर्षभरात त्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणून पुढे काय बसवायचं याची चौकशी दात काढायच्या आधीच करावी. "बघू नंतर" म्हणेपर्यंत इम्प्लांटपुरतं हाडच उरत नाही.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडातली टायटॅनियमची नळी काढता येईना. हाड तिला घट्ट चिकटलं होतं. त्यातूनच १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसले. मात्र खऱ्या दाताभोवती बारीक तंतूंची गादी असते, तिच्यामुळेच भातातला खडा लगेच कळतो. इम्प्लांटला ती नसते. मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू किंवा मिश्री सुटत नसेल, तर स्क्रू हाडात न रुजण्याची भीती वाढते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावं.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला दात. त्यासाठी ते शेजारचे दात तासावे लागतात. त्यांचं रूट कॅनल आधीच झालेलं असेल, तर ब्रिज शहाणपणाचा. पण धडधाकट दातावरचं एनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही. असे दात तासायला माझं मन धजत नाही. शेवटची दाढ गेली असेल, तर कधीकधी तिथे काहीच न बसवणंही बरोबर ठरतं.

सगळेच दात गेले की वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालची मात्र जिभेच्या हालचालीने सुटते. तिथे पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट घालून त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकवता येते. २००२ मध्ये मॉंट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं सुचवलं. सगळे दात इम्प्लांटवर फिक्स करणं परवडत नाही म्हणून हलत्या कवळीवर भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या आजी-आजोबांना हे घरातल्या कुणीतरी सांगायला हवं.