साने गुरुजींचे बालसाहित्य : करुणेकडून समतेकडे

प्रस्तावना :
साने गुरुजींचे नाव मातृप्रेमाशी इतके एकरूप झाले आहे की, त्यांच्या बालसाहित्यातील सामाजिक आशय पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. त्यांचे जन्मगाव पालगड महाडलगतच्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर राष्ट्रीय स्मारक माणगाव तालुक्यातील वडघर येथे आहे. प्रस्तुत लेखात 'श्यामची आई'मधील एका प्रसंगाच्या आधारे हा आशय स्पष्ट केला आहे.

जीवनपट :
पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी एका उतरत्या खोत घराण्यात झाला. १९१७ मध्ये आई यशोदाबाई निवर्तल्या. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन केले आणि पुढे स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'चा बहुतांश भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून झाला. १९३५ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

करुणा आणि तिची मर्यादा :
एका कथेत अस्पृश्य समाजातील वृद्धेची मोळी खाली पडते. तिला हात लावण्यास कोणी धजत नाही. आई श्यामला मोळी उचलून देण्यास सांगते, मात्र नंतर स्नान करण्यासही सांगते. आईचे मन रूढीच्या पुढे गेले आहे, पण आचार रूढीतच अडकला आहे. लेखकाने हे स्नान लपविले नाही, यातच त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

महाडच्या वाचकाला येथे चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. श्यामचे स्नान आणि तळ्याचे शुद्धीकरण यांमागील हेतू भिन्न असले, तरी विटाळाची कल्पना एकच आहे. आई दया शिकविते. महाडच्या सत्याग्रहाने हक्क मागितला. दया देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते, हक्क तसा नसतो.

गुरुजींचा स्वतःचा प्रवासही याच दिशेने झाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, यासाठी मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले व मंदिर खुले झाले. श्यामने उचललेल्या मोळीचा आशय येथे पूर्णत्वास गेला, असे म्हणता येईल.

निष्कर्ष :
साने गुरुजींच्या बालसाहित्यातील करुणा ही समतेची पहिली पायरी होय, अखेरची नव्हे. महाड औद्योगिक वसाहतीमुळे येथील शाळांत निरनिराळ्या जातींची व प्रांतांची मुले एका बाकावर बसतात. त्यांना हा प्रसंग शिकविताना शिक्षकाने मोळीपाशी न थांबता स्नानाविषयीही प्रश्न विचारावयास हवा. तसे झाले, तरच 'श्यामची आई' केवळ अश्रूंचे पुस्तक न राहता विचाराचेही पुस्तक ठरेल.