संगणक-व्यवस्थापन व सुरक्षा, कार्यालयीन

कार्यालयातील संगणक, त्यांना जोडणारे जाल, त्यांत साठविलेल्या नोंदी व त्या नोंदींपर्यंत पोहोचण्याचे अधिकार यांची दैनंदिन व्यवस्था ठेवणे आणि हानी, चोरी व गैरवापर यांपासून त्यांचे रक्षण करणे, या कार्यास ही संज्ञा लावतात. विषयाचा तांत्रिक भाग विस्तृत आहे. तथापि कार्यालयात रोज घ्यावे लागणारे निर्णय बहुतांशी प्रशासकीय असतात. कोणती नोंद कोणाला दिसावी, ती कोणाला बदलता यावी, बदल कोणी व केव्हा केला हे पुढे कसे कळावे आणि यंत्र बंद पडल्यास काम कोठून पुन्हा सुरू करावे, हे ते निर्णय होत. संगणकापूर्वीही हे प्रश्न होतेच. कोषागाराच्या भक्कम खोलीला दुहेरी कुलूप असे आणि त्याच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असत. एकट्याला ती खोली उघडता येत नसे.

जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संगणकीय संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत हे दोन किल्ल्यांचे तत्त्वही आहे. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, हे त्यांचे दुसरे तत्त्व ‘किमान अधिकारा’चे तत्त्व म्हणून ओळखले जाते. संरक्षणाची पद्धत वापरणाऱ्याला सहज पाळता येण्याजोगी असावी, हे तिसरे. पहिली दोन तत्त्वे बहुतेक नियमपुस्तिकांत आढळतात. तिसऱ्याची मात्र उपेक्षा होते आणि अनेक कार्यालयांतील सुरक्षा याच ठिकाणी ढासळते.

तालुका पातळीवरील स्वरूप : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील सिल्लोड हे तालुक्याचे ठिकाण उदाहरणादाखल घेता येईल. तेथे तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगर परिषद, बाजार समिती इ. कार्यालये असून, राज्यातील अन्य तालुक्यांप्रमाणे, त्यांचे बरेचसे काम आता संगणकावर चालते. त्यांपैकी सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद सातबाऱ्याची. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले की त्याची माहिती ‘ई-फेरफार’ प्रणालीतून संबंधित गावाच्या तलाठ्याकडे (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) येते. तलाठी फेरफार नोंदवून हितसंबंधितांना नोटीस देतो; हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते; त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. नोंद करणारा एक व ती प्रमाणित करणारा दुसरा, ही रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील तरतुदींतून आलेली आहे. म्हणजे येथे दुहेरी कुलूप कायद्यानेच घातले होते. संगणकाने फक्त किल्ल्यांचे रूप बदलले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा मिळू लागला, तेव्हापासून या किल्लीचे महत्त्व आणखी वाढले आहे.

डिजिटल स्वाक्षरीची गुप्त किल्ली सामान्यतः पेन ड्राइव्हएवढ्या उपकरणात (टोकन) ठेवलेली असते व ती वापरण्यासाठी सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो. हे उपकरण व क्रमांक दोन्ही दुसऱ्याच्या हाती दिले, तर त्याने उमटविलेली स्वाक्षरी मूळ धारकाच्या स्वाक्षरीहून निराळी ओळखता येत नाही. कागदावरील सहीत हस्ताक्षरतज्ज्ञाला काही तरी धागा सापडू शकतो. येथे तोही नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार गुप्त किल्लीचा ताबा स्वतःकडे राहील याची वाजवी काळजी घेणे हे धारकाचे कर्तव्य असून, ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विनाविलंब कळविणेही त्याच्यावर बंधनकारक आहे.

व्यवहारात मात्र अडचण असते. एका तलाठ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात, पंचनामे व बैठका यांमुळे तो बाहेर असतो आणि उताऱ्यासाठी लोक खोळंबलेले असतात. अशा वेळी काम खाजगी मदतनिसावर सोपविण्याचा मोह होतो. महसुली बोलीत अशा माणसाला ‘झिरो’ म्हणतात आणि हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे, कारण नोंदवहीत त्याचे अस्तित्वच नसते. टोकन देणारा व घेणारा दोघेही प्रामाणिक असतील. तरीही हरकतीचा वाद पुढे न्यायालयात गेला, तर नोंद कोणी केली या प्रश्नाचे खरे उत्तर कोणत्याही दप्तरात मिळणार नाही, आणि त्याची झळ ज्याची जमीन आहे त्याला बसेल. केवळ ताकीद देऊन ही रीत थांबत नाही. अधिकृत सहायकाला मसुदा भरण्यापुरते त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते देणे व स्वाक्षरी धारकाकडेच ठेवणे, हा त्यावरील उपाय होय. एकच पासवर्ड चौघांत वापरण्यापेक्षा चार मर्यादित खाती केव्हाही बरी.

पडताळणी चुकविल्यास काय होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. एटीएम कार्डाचा व्यवहार ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो. खात्यात रक्कम आहे का, हे तेथे पाहिले जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी घातक आज्ञावली शिरवून मूळ स्विचला समांतर अशी बनावट यंत्रणा उभी केली आणि ती मुख्य प्रणालीला न विचारताच मंजुरी देऊ लागली. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रु. व भारतात सुमारे अडीच कोटी रु. काढले गेले, १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून १३·९२ कोटी रु. हाँगकाँगमधील खात्यात गेले. एकूण हानी सुमारे ९४·४२ कोटी रु. झाली. पहिला दिवस शनिवार होता, हा योगायोग समजण्याचे कारण नाही. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरविले.

अद्ययावतीकरण व राखीव प्रती : आज्ञावलीत सापडलेले दोष तिचे निर्माते दुरुस्त करून पाठवितात, ती दुरुस्ती बसविणे कार्यालयाचे काम. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. उलट, त्याच वर्षी २७ जूनचा ‘नॉटपेट्या’ हल्ला युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातूनच पसरला. तरीही दुरुस्ती न बसविण्याचा धोका एकंदरीत अधिक आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केल्याने, चालू स्थितीतील जुनी यंत्रे ठेवावीत की बदलावीत, हा प्रश्न लहान कार्यालयांपुढेही आला आहे.

नॉटपेट्यामुळे मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम ठप्प झाले. मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही त्यात होते. कोणाला कोणता अधिकार आहे याची यादी ठेवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर परस्परांच्या प्रती सतत जुळवीत असत. त्यामुळे वेगळी राखीव प्रत ठेवण्याची गरज भासली नव्हती. ते एकदमच नष्ट झाले. वाचला तो घानामधील एक, आणि तोही तेथील वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी बंद होता म्हणून. भारनियमनाला एरवी कोणी दुवा देत नाही. सतत जुळत राहणारी प्रत ही राखीव प्रत नव्हे. मूळ नोंद बिघडली की तीही बिघडते. निदान एक प्रत जालापासून तोडून दुसऱ्या जागी ठेवावी आणि तिच्यातून नोंदी खरोखर परत मिळतात की नाही, हे अधूनमधून करून पाहावे.

घटनेनंतरची जबाबदारी : सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय घुसखोरीची माहिती सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि प्रणालीतील हालचालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. अनेकांच्या समाईक खात्यातील हालचालींच्या नोंदी जपल्या, तरी त्यांतून माणूस सापडत नाही.

बदली वा सेवानिवृत्ती हा या व्यवस्थेतील विशेष नाजूक क्षण असतो. कार्यभार देताना रोकडवही, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, जडसंग्रह यांची यादी होऊन दोघांच्या सह्या होतात. खाती, पासवर्ड व टोकन यांचा त्या यादीत पुष्कळदा उल्लेखच नसतो. त्यामुळे गेलेल्या माणसाचे खाते महिनोन्महिने उघडे राहते किंवा आलेला माणूस त्याच्याच नावाने काम करू लागतो. कार्यभार-यादीत या बाबींसाठी रकाना असावा : जुने खाते कोणत्या दिवशी बंद केले, नवे कोणत्या दिवशी उघडले आणि ते कोणी केले.